ॲस्ट्रोसाइट कुणाचं ऐकते?

मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींमध्ये ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम किती असतं, हा प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. पेशी फोडायच्या, एन्झाइमला कच्चा माल द्यायचा, ठरावीक वेळ थांबायचं, रंग मोजायचा, आकडा लिहायचा. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना दिलेल्या सीरमची, म्हणजे रक्तातल्या पोषक द्रवाची, बाटली बदलली की तोच आकडा बदलतो. पेशी विरळ आहेत की गच्च दाटल्यात, यावर बदलतो. शेजारी चेतापेशी आहेत की नाहीत, यावरही बदलतो. आणि मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, कॉर्टिसॉलसारखं हार्मोन असेल, तर एक-दोन दिवसांत कित्येक पटींनी वर जातो. 'ॲस्ट्रोसाइटमध्ये इतकं एन्झाइम असतं' असं आपण सर्रास म्हणतो, जणू तो तिचा जन्मजात गुण आहे. माझ्या मते तो आकडा पेशी आणि तिचा भोवताल या दोघांचा मिळून असतो. भोवतालाचा वाटा न सांगता तो छापला, तर वाचणाऱ्याच्या हाती अर्धीच गोष्ट पडते.

चेतापेशींना आधार देणाऱ्या या पेशींना मिळून ग्लिया म्हणतात. ॲस्ट्रोसाइट, मायलिनचं वेष्टण घालणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट आणि संरक्षणाचं काम करणाऱ्या मायक्रोग्लिया ही त्यांतली मुख्य मंडळी. 'आधार' या शब्दामुळे त्या नुसत्या खांबासारख्या उभ्या असतील असं वाटतं, पण रसायनाच्या बाबतीत त्या अतिशय उद्योगी आहेत. चेतापेशीने संदेश देताना सोडलेलं ग्लुटामेट ॲस्ट्रोसाइट आत ओढून घेते. त्याला अमोनिया जोडून, एटीपी खर्च करून त्याचं ग्लुटामिन बनवते आणि ते चेतापेशीला परत देते. हे काम करतं ते ग्लुटामिन सिंथेटेज. १९७९ साली नॉरेनबर्ग आणि मार्टिनेझ-हर्नांडेझ यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अँटिबॉडी वापरून दाखवलं की मेंदूत हे एन्झाइम मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमध्येच असतं. यकृतात अमोनियाचा युरिया करणारं चक्र असतं, मेंदूत ते पूर्ण नाही. त्यामुळे मेंदूतल्या अमोनियाची विल्हेवाट लावायचा मुख्य मार्ग हाच. लिव्हर सिऱ्हॉसिसमध्ये रक्तातला अमोनिया वाढतो, ॲस्ट्रोसाइटमध्ये ग्लुटामिन साचतं, पेशी फुगतात आणि रोग्याला गुंगी येऊ लागते. या एन्झाइमवर हुकूम कुणाचा चालतो, हा प्रश्न म्हणूनच थेट रोग्याच्या खाटेपर्यंत पोहोचतो.

उत्तराची पहिली ठोस खूण मिळाली ती कोंबडीच्या अंड्यात. १९६० च्या दशकात शिकागो विद्यापीठात ॲरन मॉस्कोना आणि त्यांचे सहकारी पिल्लाच्या गर्भाचा दृष्टिपटल अभ्यासत होते. अंडं उबायला २१ दिवस लागतात. साधारण सोळाव्या दिवसापर्यंत दृष्टिपटलात ग्लुटामिन सिंथेटेज नावालाच असतं, मग एकाएकी झपाट्याने वाढतं. त्याच सुमाराला गर्भाच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉइड सोडू लागतात. मॉस्कोना आणि पिडिंग्टन यांनी बऱ्याच लहान गर्भाचं दृष्टिपटल काढून कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर मीडियात, ठेवलं आणि त्यात हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजेच कॉर्टिसॉल) घातलं, तर एन्झाइम वेळेच्या कितीतरी आधी वर आलं. म्हणजे घड्याळ एकट्या पेशीत नव्हतं. तिची निम्मी तयारी झालेली होती, उरलेली खूण रक्तातून यायची होती.

पण या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढचा आहे. लिन्सर आणि मॉस्कोना यांनी १९७९ मध्ये दाखवलं की दृष्टिपटलात हे एन्झाइम म्युलर ग्लिया या तिथल्या आधारपेशींमध्येच बनतं, आणि दृष्टिपटलाच्या पेशी एकमेकींपासून सुट्या करून पसरल्या तर तेच हायड्रोकॉर्टिसोन फुकट जातं. पेशी जिवंत असतात, हार्मोन मीडियात असतं, तरी एन्झाइम येत नाही. त्याच पेशी पुन्हा एकमेकींना चिकटू दिल्या तर प्रतिसाद परततो. पुढे तेल अवीवमध्ये लिली वर्दिमोन यांच्या गटाने याच्या आतलं यंत्र उलगडलं. पेशी सुट्या झाल्या की त्या वाढीच्या वाटेला लागतात, त्यांच्यात सी-जून हे प्रथिन वाढतं, आणि ते ग्लुकोकॉर्टिकॉइड (कॉर्टिसॉलच्या कुळातल्या हार्मोनच्या) रिसेप्टरच्या कामात आडवं येतं. एफजीएफ-२ हा वाढघटकही याच दिशेने ओढतो, म्हणजे ग्लुटामिन सिंथेटेज खाली आणतो. मेंदूला किंवा डोळ्याला इजा झाली की आसपास एफजीएफ-२ वाढतो. नेमक्या त्याच वेळी फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडत असतं. ते आवरणारं एन्झाइम हवं तेव्हाच घटतं. दुखापत झालेल्या दृष्टिपटलावर ग्लुकोकॉर्टिकॉइड देऊन एन्झाइम वर ठेवलं, तर चेतापेशींची हानी कमी होते, हेही याच गटाने दाखवलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण 'ॲक्टिव्हिटी वाढली' या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी लपतात. असलेले रेणू जास्त वेगाने काम करू लागले, हा एक अर्थ. रेणूंची संख्याच वाढली, हा दुसरा. स्टेरॉइडच्या बाबतीत दुसराच अर्थ खरा असतो. कॉर्टिसॉल पेशीच्या पडद्यातून आत शिरतं, रिसेप्टरला बसतं, ही जोडी केंद्रकात जाते, ग्लुटामिन सिंथेटेजच्या जनुकाआधी असलेल्या ठरावीक जागेला चिकटते, मग जनुकाची नक्कल म्हणजे एमआरएनए, मग प्रथिन. याला तास लागतात. एमआरएनए बनणं रोखणारं ॲक्टिनोमायसिन-डी किंवा प्रथिन बनणं रोखणारं सायक्लोहेक्सिमाइड घातलं की वाढ थांबते. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखं कृत्रिम स्टेरॉइड घालून अर्ध्या तासात फरक दिसला, तर तो जनुकाचा परिणाम नव्हे. बफर, तापमान किंवा पिपेट तपासावी.

ऑलिगोडेंड्रोसाइटची कथाही अशीच, फक्त एन्झाइम वेगळं. १९६८ मध्ये डी व्हेलिस आणि इंग्लिश यांनी उंदरांच्या मेंदूतल्या ग्लिसरॉल फॉस्फेट डिहायड्रोजनेजवर हार्मोनचा ताबा असतो हे दाखवलं. पिट्यूटरी काढली की एन्झाइम घटतं, कॉर्टिसॉल दिलं की सावरतं. हे एन्झाइम साखरेच्या वाटेवरच्या एका पदार्थापासून ग्लिसरॉल-३-फॉस्फेट बनवतं आणि चरबीच्या रेणूंचा कणा त्यावरच उभा राहतो. मायलिन म्हणजे मुख्यतः चरबी, म्हणून हे एन्झाइम मेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये भरपूर सापडावं यात नवल नाही. मायलिनशी निगडित दुसरं एन्झाइम सीएनपेज. ते ऑलिगोडेंड्रोसाइट परिपक्व होत चालल्याची खूण म्हणून मोजतात. मॅकमॉरिस यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवलं की आयजीएफ-१ हा इन्शुलिनसारखा वाढघटक मिळाला की कल्चरमध्ये ऑलिगोडेंड्रोसाइट जोमाने तयार होतात.

यातून जुन्या प्रयोगांतली एक गुंतागुंत सुटते. सीरमशिवाय पेशी वाढवायच्या मीडियात इन्शुलिन मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम घालायची पद्धत आहे. ते साधारण ८६० नॅनोमोलर होतं, उपाशीपोटी रक्तात असणाऱ्या इन्शुलिनच्या हजारो पट. इतक्या प्रमाणात इन्शुलिन स्वतःच्या रिसेप्टरपुरतं थांबत नाही, आयजीएफ-१ च्या रिसेप्टरलाही लागतं. म्हणून 'इन्शुलिनमुळे ऑलिगोडेंड्रोसाइटचं एन्झाइम वाढलं' असं वाक्य वाचलं की आधी मात्रा पाहावी. आयजीएफ-१ नॅनोमोलर पातळीवर जे करतो, तेच इन्शुलिन मायक्रोमोलरजवळ नेऊन मिळवलं असेल, तर श्रेय इन्शुलिनचं नाही.

थायरॉइडचा मामला याहून वेगळा, आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा. इथे ग्लिया हार्मोनचं नुसतं ऐकत नाही, स्वतः हार्मोन तयार करून देते. थायरॉइड ग्रंथीतून बाहेर पडणारं मुख्य हार्मोन टी४, काम करणारं मुख्य रूप टी३. टी४ मधला एक आयोडीन काढून टी३ बनवायचं काम मेंदूत टाइप-२ डिआयोडिनेज करतं. हे एन्झाइम ॲस्ट्रोसाइटमध्ये आणि तिसऱ्या निलयाच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) भिंतीतल्या टॅनिसाइट पेशींमध्ये असतं. चेतापेशींमध्ये टी३ निकामी करणारं टाइप-३ डिआयोडिनेज असतं. म्हणजे बनवणारी पेशी एक, वापरून संपवणारी दुसरी. उंदराच्या मेंदूतलं बहुतेक टी३ असं जागच्या जागीच बनतं.

या एन्झाइमची चाल ग्लुटामिन सिंथेटेजच्या अगदी उलट, चपळ आहे. त्याचं अर्धायुष्य एका तासाच्याही आत. टी४ त्याला चिकटला की त्याच्यावर युबिक्विटिनची, म्हणजे 'हे मोडा' अशी, खूण पडते आणि प्रोटिएझोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. कच्चा माल मुबलक झाला की कारखाना आपोआप मोडतो, टी४ कमी पडला की एन्झाइम टिकतं आणि साठतं. म्हणूनच रक्तातला टी४ घसरला तरी मेंदू काही काळ आपलं टी३ सांभाळू शकतो. पण टी४ च संपला तर ॲस्ट्रोसाइट तरी काय करणार? गर्भाची स्वतःची थायरॉइड कामाला लागेपर्यंत त्याच्या मेंदूला आईचा टी४ लागतो. आईच्या रक्तातला टी३ व्यवस्थित असला तरी ती भरपाई होत नाही, कारण गर्भाचा मेंदू टी३ मुख्यतः टी४ पासूनच घडवतो. गरोदरपणात आयोडीन कमी पडू नये, दिवसाला २५० मायक्रोग्रॅम मिळावं, या शिफारशीमागचं एक कारण हे आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या आयोडीनयुक्त मिठाच्या अभ्यासाने आपल्या देशातल्या मीठ-कार्यक्रमाचा पाया घातला. तो गळ्यावरच्या गाठीसाठी होता. मेंदूतल्या पेशींच्या हिशेबातही त्याचं मोल तितकंच आहे.

कल्चरमधल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये मात्र हे डिआयोडिनेज जवळपास सापडत नाही. पेशीतल्या संदेशवाहक रेणूची नक्कल करणारं डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी घातलं, सोबत हायड्रोकॉर्टिसोन दिलं, की ते उगवतं. ॲसिडिक एफजीएफनेही उगवतं. म्हणजे एफजीएफ कुळातला एक घटक एका एन्झाइमला खाली आणतो आणि त्याचाच भाऊबंद दुसऱ्या एन्झाइमला वर काढतो. 'वाढघटक एन्झाइम वाढवतात' असं सरसकट विधान म्हणूनच टिकत नाही. आणखी एक बारकावा असा की या एन्झाइमच्या कामाच्या जागी सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल बसलेलं असतं. सीरम काढून टाकलं आणि मीडियात सेलेनियम घालायचं राहिलं, तर कितीही हार्मोन ओतलं तरी ॲक्टिव्हिटी येत नाही. ३० नॅनोमोलर सोडियम सेलेनाइट पुरतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. ग्लिया वेगळ्या करायची सर्वांत रुळलेली पद्धत मॅकार्थी आणि डी व्हेलिस यांची, १९८० ची. एक-दोन दिवसांच्या उंदराच्या पिल्लांचं सेरेब्रल कॉर्टेक्स घ्यायचं. त्यासाठी प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी हातात हवी. मेंदूवरचं आवरण, म्हणजे मेनिंजेस, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने पूर्ण सोलून काढायचं. इथे घाई केली की फायब्रोब्लास्ट मागे राहतात आणि दोन आठवड्यांनी फ्लास्कभर त्यांचंच राज्य असतं. ऊती ट्रिप्सिनने सैल करून, जाळीतून गाळून, ७५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये १०% सीरम असलेल्या मीडियात दीड कोटीच्या आसपास पेशी टाकायच्या, दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलायचा. सात ते नऊ दिवसांत तळाशी ॲस्ट्रोसाइटची सपाट चादर होते आणि तिच्यावर लहान, गडद, चमकदार कडांच्या पेशी बसलेल्या दिसतात. त्याच ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज.

मग फ्लास्क शेकरवर. आधी तासभर कमी वेगाने हलवून सुटणाऱ्या मायक्रोग्लिया काढून टाकाव्यात. नंतर मिनिटाला २५० च्या आसपास फेऱ्यांवर, ३७ अंशांना, १५ ते १८ तास. शेकरला कार्बन डायऑक्साइड नसतो, म्हणून फ्लास्कमध्ये आधी वायू भरू द्यायचा आणि मग झाकण घट्ट लावायचं. सैल राहिलं तर सकाळी मीडिया जांभळट झालेला दिसतो, म्हणजे पीएच चढला, आणि वरच्या पेशी गेल्याच म्हणून समजा. हललेलं द्रव ऑलिगोडेंड्रोसाइटसाठी, तळाला उरलेली चादर ॲस्ट्रोसाइटसाठी. जीएफएपी या ॲस्ट्रोसाइटच्या ओळखीच्या प्रथिनासाठी रंगवून शुद्धता पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर मोजलेलं एन्झाइम कुणाचं, हे सांगता येणार नाही.

पेशीवंश, म्हणजे कल्चरमध्ये सतत वाढवत नेता येणाऱ्या पेशी, वापरणाऱ्यांची अडचण निराळी. १९६८ पासून सर्वत्र वापरात असलेला सी६ हा उंदराच्या ग्लिओमापासून मिळालेला वंश आहे. असे पेशीवंश आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळतात. पार्कर, नॉरेनबर्ग आणि वर्नादाकिस यांनी १९८० मध्ये दाखवलं की सी६ ची सुरुवातीची पिढी आणि बरीच नंतरची पिढी यांची एन्झाइमं वेगळी असतात. आधीच्या पॅसेजना (पेशी एका बाटलीतून दुसरीत नेण्याच्या फेऱ्यांना) सीएनपेज जास्त, म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइटचा कल; उशिराच्या पॅसेजना ग्लुटामिन सिंथेटेज जास्त, म्हणजे ॲस्ट्रोसाइटचा. बाटलीवर नाव तेच, पेशी मात्र दुसरीच. प्रबंधात किंवा शोधनिबंधात पॅसेज क्रमांक नसेल तर तो आकडा कशाशी ताडून बघायचा? पॅसेज क्रमांक हा तपशील नव्हे, निकालाचाच भाग आहे.

सगळ्यांत जास्त गफलत होते ती सीरममध्ये. गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये कॉर्टिसॉल, थायरॉइड हार्मोन, आयजीएफ आणि इतर कितीतरी वाढघटक असतात आणि त्यांचं प्रमाण लॉटगणिक बदलतं. ते न पाहता त्यात डेक्सामेथासोन टाकून 'किती पट वाढलं' पाहणं म्हणजे खारट वरणात चिमूटभर मीठ टाकून मिठाची चव जोखणं. मूळ पातळीच वर असेल तर वाढ छोटी दिसते आणि पेशी 'प्रतिसाद देत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. उपाय तीन, आणि तिन्हींना मर्यादा आहेत. कोळसा-डेक्स्ट्रानने सीरम धुतलं की स्टेरॉइड बहुतांशी जातात, पण वाढघटक बरेचसे तसेच राहतात. थायरॉइड हार्मोन नीट काढायचं तर आयन-एक्स्चेंज रेझिन लागतं. सीरम पूर्ण काढलं तर हार्मोनचा प्रश्न मिटतो, पण मग पेशीचा आकारच बदलू लागतो, तिला फांद्या फुटतात, आणि नियंत्रण गटही पूर्वीचा राहत नाही. माझा कल धुतलेल्या सीरमवर दोन दिवस ठेवून, मग २४ तास सीरमविना ठेवून, त्यानंतर हार्मोन द्यायचा. हार्मोन सोडून बाकी सगळं नियंत्रण गटालाही जसंच्या तसं हवं.

आणि ज्यांना वाटतं की तयार सप्लिमेंट घेतलं म्हणजे सीरमची कटकट गेली, त्यांनी लेबल वाचावं. चेतापेशींसाठी सर्रास वापरतात त्या बी२७ मध्ये कॉर्टिकोस्टेरोन आहे, टी३ आहे, प्रोजेस्टेरोन आहे, इन्शुलिन तर आहेच. चेतापेशींसोबत वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये ग्लुटामिन सिंथेटेज जास्त आढळलं तर त्यातलं किती शेजारणीमुळे आणि किती बाटलीतल्या कॉर्टिकोस्टेरोनमुळे, हे वेगळं केल्याशिवाय बोलू नये. एन२ या दुसऱ्या तयार सप्लिमेंटमध्ये प्रोजेस्टेरोन २० नॅनोमोलर असतं. बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये सीरम अजिबात न दाखवता, फक्त एचबी-ईजीएफ हा वाढघटक मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम देऊन ॲस्ट्रोसाइट जगवता येतात हे दाखवलं, तेव्हा सीरममध्ये वाढलेल्या ॲस्ट्रोसाइट किती वेगळ्या असतात हे लख्ख समोर आलं. जुनी पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. ती स्वस्त आहे, पेशी भरपूर देते. पण ती इजा झालेल्या मेंदूच्या जवळची आहे, शांत मेंदूच्या नव्हे, एवढं भान ठेवावं.

द्रावणांबद्दल. डेक्सामेथासोन इथेनॉलमध्ये विरघळवायचं. मिलिलिटरमध्ये ३.९२ मिलिग्रॅम म्हणजे १० मिलिमोलर. त्यातून इथेनॉलमध्येच १०० मायक्रोमोलरपर्यंत उतरवून मीडियात एकास हजार टाकलं की १०० नॅनोमोलर मिळतं आणि इथेनॉल ०.१% राहतं. नियंत्रण गटात तितकंच इथेनॉल टाकायला विसरू नये. टी३ सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, इन्शुलिन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात. वाढघटक नॅनोग्रॅममध्ये वापरतो, आणि इतक्या थोड्या प्रमाणात ते प्लास्टिकला चिकटून संपतात, म्हणून ०.१% अल्ब्युमिन असलेल्या बफरमध्येच पातळ करावेत. एफजीएफ-२ तर ३७ अंशांना एका दिवसात बराचसा निकामी होतो. तीन दिवसांच्या प्रयोगात एकदाच टाकला तर उरलेले दोन दिवस पेशी त्याच्याविना असते. रोज ताजा द्यावा किंवा हेपॅरिनची जोड द्यावी.

मोजणीत ग्लुटामिन सिंथेटेजसाठी ट्रान्सफरेज पद्धत सोपी आहे. इमिडाझोल बफर ५० मिलिमोलर, पीएच ६.८, त्यात ग्लुटामिन ५०, हायड्रॉक्झिलामिन २५, सोडियम आर्सेनेट २५, मँगनीज क्लोराइड २ मिलिमोलर आणि एडीपी ०.१६ मिलिमोलर. ३७ अंशांना ठरावीक वेळ, मग आम्लातलं फेरिक क्लोराइड टाकलं की अभिक्रिया थांबते आणि तपकिरी रंग येतो. सेंट्रिफ्यूज करून गाळ खाली बसवावा, मग ५४० नॅनोमीटरला वाचावं. हायड्रॉक्झिलामिन हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी असतं. ते आधी उदासीन केलं नाही तर सगळ्या मिश्रणाचा पीएच घसरतो आणि एन्झाइम झोपतं. ते द्रावण रोज ताजं करायचं. आर्सेनेट विषारी, त्याचा कचरा बेसिनमध्ये जाता कामा नये. एडीपी आणि आर्सेनेट नसलेली एक नळी ब्लँक म्हणून हवी. या एन्झाइमला रोखणारं मेथिओनिन सल्फॉक्झिमिन घातलेल्या नळीतही रंग चढला, तर तो ग्लुटामिन सिंथेटेजचा नाही. १५, ३०, ४५ मिनिटांचे आकडे सरळ रेषेत येतात का, हे एकदा तरी पाहावं. डेक्सामेथासोन दिलेल्या पेशींत एन्झाइम इतकं असतं की रेषा लवकर वाकते, आणि मग खरी पाचपट वाढ कागदावर तिप्पट दिसते.

भागिले काय करायचं, हा प्रश्न मात्र सगळ्यांना क्षुल्लक वाटतो आणि निकाल तोच बिघडवतो. ॲक्टिव्हिटी प्रति मिलिग्रॅम प्रथिन लिहायची रीत आहे. पण ईजीएफ किंवा एफजीएफ-२ दिलं की पेशी वाढतात, विभागतात, एकूण प्रथिन वाढतं. वरचा आकडा तोच राहिला तरी खालचा वाढला म्हणून भागाकार घटतो, आणि 'वाढघटकाने एन्झाइम कमी केलं' असं लिहिलं जातं. प्रथिनासोबत डीएनए मोजावं, दोन्ही हिशेबांनी आकडा द्यावा. पेशी फोडण्याआधी थंड पीबीएसने (खारट बफरने) दोनदा धुवाव्यात, नाहीतर सीरमचं प्रथिनही त्यात मोजलं जातं. ब्रॅडफर्ड आणि बीसीए या प्रथिन मोजायच्या दोन पद्धती. फोडायच्या बफरमध्ये डिटर्जंट असेल तर ब्रॅडफर्ड फसवतं, डीटीटी हे रसायन असेल तर बीसीए.

शिवाय मीडियातलं ग्लुटामिन. डीएमईएम या नेहमीच्या मीडियात ते सहसा ४ मिलिमोलर असतं, आणि अनेक प्रकारच्या पेशींमध्ये बाहेर ग्लुटामिन भरपूर असलं की ग्लुटामिन सिंथेटेजचं प्रथिन लवकर मोडतं. एका गटाचा मीडिया काल बदलला आणि दुसऱ्याचा आज, एवढ्यानेही फरक पडू शकतो.

हार्मोन काढून घेतल्यावर काय होतं, हे तपासणारे प्रयोग कमी केले जातात, आणि ते करायला हवेत. डेक्सामेथासोन दिलेल्या पेशी तीनदा धुवाव्यात, तासाभराने मीडिया पुन्हा बदलावा, कारण स्टेरॉइड पेशीतून आणि प्लास्टिकमधून हळूहळू सुटत राहतं. खात्रीसाठी एका गटात ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अडवणारं मिफेप्रिस्टोन १ मायक्रोमोलर घालावं. आधी एमआरएनए घसरतो, बनून तयार असलेलं एन्झाइम मात्र रेंगाळतं. पहिल्या दिवशी एमआरएनए खाली आणि ॲक्टिव्हिटी तशीच, असं दिसलं तर प्रयोग फसलेला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे नमुने घेईपर्यंत फ्लास्क इन्क्युबेटरमध्येच राहू द्यावेत.